बेशामेलपासून सुरुवात

फ्रेंच स्वयंपाक घरी शिकायचा असेल, तर एखाद्या गाजलेल्या पदार्थाच्या मागे न लागता आधी सॉस हाताखालून घालावेत, असे माझे ठाम मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारी-आंतोआन कारेम या बल्लवाचार्याने फ्रेंच सॉसची चार घराणी ठरवून दिली: एस्पान्योल, वलूते, आलमांद आणि बेशामेल. पुढे ऑग्युस्त एस्कॉफिए याने १९०३ साली आपल्या पाकग्रंथात या मांडणीची फेररचना केली, आलमांदला वलूतेच्या पोटात घातले आणि टोमॅटोच्या सॉसला मुख्य सॉसचा मान दिला. ही वंशावळ पाठ करण्यासाठी नाही. एक मूळ सॉस नीट जमला की त्यातून निघणारे पाच-सहा सॉस जवळजवळ आपोआप जमतात, हा तिचा खरा उपयोग आहे.

त्यातही पहिला मान बेशामेलचा, कारण त्यात ‘रू’ म्हणजे लोण्यात परतलेला मैदा आणि दूध, एवढेच असते, आणि तरीही तो किती बारकाईने करावा लागतो! अर्धा लिटर दुधात अर्धा कांदा, दोन लवंगा आणि तमालपत्र घालून ते तापवावे आणि झाकून वीस मिनिटे मुरू द्यावे. दुसऱ्या पातेल्यात ३० ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्याला फेस आला की तेवढाच मैदा घालावा. दोन-तीन मिनिटांत मिश्रण बुडबुडू लागते, मैद्याचा कच्चट वास जातो, पण रंग पांढराच राहतो, आणि नेमक्या याच वेळी गाळलेले दूध थोडे थोडे घालत व्हिस्कने, म्हणजे तारांच्या फेटणीने, सतत ढवळायचे असते. मैद्याच्या कणाकणाला आधीच लोण्याचा लेप बसलेला असल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि गुठळ्या होत नाहीत.

सॉस दाट झाला म्हणजे तो शिजला, असे मात्र मुळीच नाही. दाटपणा पहिल्या उकळीलाच येतो. जिभेवरचा पिठूळपणा जायला आणखी पंधरा-वीस मिनिटे मंद आच लागते आणि तेवढा वेळ देण्याला पर्याय नाही. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर धरला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की तो मिळून आला. मग मीठ, पांढरी मिरी आणि किसलेले जायफळ. यातच ग्रुयेर चीज विरघळवले की मॉर्ने होतो, आणि लोण्यात रंग न येऊ देता मऊ केलेला कांदा वाटून घातला की सुबीझ.

रू किंचित सोनेरी होऊ दिला आणि दुधाऐवजी कोंबडीचा किंवा माशाचा पांढरा स्टॉक (न भाजलेली हाडे पाण्यात उकळून गाळलेला अर्क) घातला, की वलूते तयार होतो. एस्पान्योलसाठी रू तपकिरी करावा लागतो. जास्त भाजल्याने मैद्याची दाट करण्याची ताकद घटते, म्हणून तो अधिक लागतो. भाजलेल्या हाडांचा स्टॉक तासन्‌तास आटवण्याचा हा खटाटोप घरच्या स्वयंपाकात करू नये, असे मला वाटते. मांस परतल्यावर पॅनच्या बुडाशी जे तपकिरी चिकटून राहते, ते वाइन घालून खरवडावे, थोडा स्टॉक घालून आटवावे आणि आच बंद करून थंड लोण्याचे तुकडे त्यात घोळवावेत. दहा मिनिटांत होणारा हा सॉसही तितकाच अस्सल फ्रेंच आहे.

ऑलांदेझ या बलक आणि लोण्याच्या सॉसची गोष्ट वेगळी, कारण त्यात मैदा नसतो. अंड्याच्या बलकातील लेसिथिन हा घटक लोणी आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवते. तीन बलक आणि चमचाभर पाणी मंद वाफेवर फेटत राहावे. व्हिस्क फिरवताना भांड्याचे बूड क्षणभर दिसू लागले की वितळलेले लोणी आधी थेंबाथेंबाने आणि मग बारीक धारेने घालावे. एका बलकाला साधारण ६० ग्रॅम लोणी पुरे, आणि शेवटी लिंबाचा रस. भांड्याला हात लावता आला पाहिजे, इतपतच ऊब हवी. कडेला तूप सुटू लागले, तर चमचाभर गार पाणी घालून जोरात फेटावे. पुरता फाटला, तर नवा बलक थोड्या पाण्यासह फेटून फाटलेला सॉस त्यात हळूहळू घालावा. लिंबाच्या जागी व्हिनेगर, शॅलट (छोट्या कांद्याचा प्रकार) आणि टॅरागॉन ही सुगंधी पाने एकत्र आटवून त्याचा अर्क घातला, की बेअर्नेज होतो. हे दोन्ही सॉस पुन्हा गरम करता येत नाहीत, म्हणून मांस किंवा मासा आधी तयार ठेवावा आणि सॉस शेवटी करायला घ्यावा.