जादूला शहराचे नियम लावताना

अर्बन फँटसी म्हणजे आजच्या शहरात जादू आणायची, असं थोडक्यात सांगता येतं. पण तेवढ्यावर कथा उभी राहत नाही. मी सध्या तीन निरनिराळ्या प्रकारच्या कथा आलटूनपालटून लिहिते, आणि प्रत्येक वेळी बसले की आधी एकच गोष्ट ठरवते: ही जादू लपवून कोणी ठेवली आहे, आणि ती लपून राहावी म्हणून कोणाला काय सोसावं लागतंय? याचं उत्तर बदललं की कथेचा प्रकारच बदलतो.

तपासकथेत जादू एखादी यंत्रणा लपवते. माझी तपास करणारी बाई जादूचं आणि साधं अशा दोन्ही जगांच्या मध्ये उभी असते, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाचे दोन शेवट असतात: एक खरा आणि एक कागदावरचा. मी कागदावरचा आधी लिहून काढते. तो पटण्यासारखा झाला की खऱ्या शेवटात कोणावर अन्याय होणार आहे ते आपोआप दिसू लागतं. प्रेमकथेत गुपित एकाच माणसासमोर उघडतं, आणि ते मी मध्याच्या आधीच उघडते. कळेपर्यंतची हुरहुर कोणीही लिहील. कळल्यावर रोजचं जगणं कसं निभावायचं, यात मला जास्त रस आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, आणि माझा सगळ्यात लाडका. यात कोणीच काही लपवत नाही, जादू सगळ्यांना ठाऊक आहे. मग विमा, भाडेकरार, इमारतीचे नियम हे सगळं नव्याने रचावं लागतं. उडता येणाऱ्या माणसाने खिडकीतून घरात यायचं की त्यालाही लिफ्टने येण्याची सक्ती आहे? भूतकाळ दिसणाऱ्या बाईची साक्ष कोर्टात चालेल का? असे प्रश्न सुटेपर्यंत एकही प्रसंग लिहिता येत नाही.

माझा दिवस एरवी यावरच बेतलेला असतो. सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तपासकथा, कारण तिथे कुठला धागा कुठे सोडलाय ते डोक्यात ताजं लागतं. दुपारी घरची आणि पोटापाण्याची कामं. संध्याकाळी पायी फेरी, बहुतेक वेळा त्याच रस्त्याने. तोच रस्ता पुन्हा पुन्हा पाहिला की काय बदललं ते लगेच कळतं: बंद झालेलं दार, नवीन कुंपण, उखडलेली फरसबंदी. रात्री नवीन काही लिहीत नाही, फक्त काटछाट.

प्रत्येक जगाची वेगळी वही आहे. तिच्यात जादूची किंमत काय, ती कोणाला दिसते आणि तिला काय जमत नाही, एवढंच असतं. शेवटची यादी सर्वांत लांब असावी, असा माझा आग्रह आहे. एका जगातून दुसऱ्यात जायचं तर मधे निदान एक रात्र जाऊ देते. परतल्यावर थांबवलेला शेवटचा प्रसंग मोठ्याने वाचते; कथेचा आवाज डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडतो.

लपवण्याची कारणं मात्र मी मनाने रचत नाही, शहरांच्या इतिहासातून घेते. लंडनची फ्लीट नदी टप्प्याटप्प्याने झाकली गेली आणि आज ती रस्त्यांखालून सांडपाण्याच्या वाहिनीत वाहते. पॅरिसमधली एक दफनभूमी भरून वाहू लागली तेव्हा, १७८६ पासून, तिथली हाडं जुन्या दगडखाणींच्या बोगद्यांत हलवली. पुढे इतर दफनभूमींतलीही आली, आणि आज तिथे सुमारे ६० लाख माणसांचे अवशेष आहेत असं मानतात. ही वाहतूक रात्री व्हायची, काळ्या कापडाने झाकलेल्या गाड्यांतून, बरोबर मंत्र म्हणणारे धर्मगुरू. हे वाचल्यापासून माझ्या तपासकथेतली यंत्रणा दुष्ट राहिलेली नाही. दुर्गंधी, रोगाची भीती, जागेची टंचाई, अशा साध्या अडचणींतून ती निर्माण होते आणि मग स्वतःला टिकवण्यासाठी गुपितं राखत जाते.

याच्या उलट दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये झालं. तिथला चंगग्येचन ओढा काँक्रीटखाली गेला होता, वर उन्नत रस्ता उभा राहिला होता. तो रस्ता पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा मोकळा केला. त्या पाण्यात कोणी राहत असेल, तर इतकी वर्षं अंधारात काढून वर आल्यावर ती माणसांशी कशी वागेल? माझी सगळी प्रेमकथा या एका प्रश्नातून सुरू झाली. तिची नायिका दिवसा बाहेर पडायला घाबरते, आणि त्या भीतीला मी कुठेही जादूने बरं केलेलं नाही.

आता चौथ्या प्रकाराकडे वळतेय: जादू समोर आहे, कोणी लपवतही नाही, पण माणसं तिच्याकडे बघायचंच टाळतात. इथे सोसावं लागतं ते जादूलाच, त्यामुळे कथा तिच्या बाजूने सांगावी लागेल. तिची वही उघडली आहे, ‘काय जमत नाही’ ही यादी भरू लागली आहे. सकाळचा वेळ सध्या तिला दिलाय आणि तपासकथा दुपारवर नेली आहे.