भाकर नाही पोटात, मग शुगर वाढली कशी?

आमच्या वरुडकडे मृग बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली की माझ्या मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या भराभर संपतात. एकाला व्हायरल झालं की अख्खी टोळी खोकते. बाकीचे दोन-चार दिवसांत बागेत परततात. शुगरवाले मात्र अंथरूण धरतात. आणि काउंटरवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "चार दिसापासून भाकरीचा तुकडा नाही पोटात, मंग शुगर वाढन कशानं? म्हून गोयी बंद केली."

परवा असेच एक मामा तापानं फणफणत आले. बोटाला सुई टोचली, मशीननं ४१२ दाखवलं. हाताला संत्र्याचा वास येत होता. म्हटलं, मामा, आधी साबणानं हात धुऊन या. दुसरी पट्टी लावली तर ३१८. फळ सोललेल्या बोटावरची साखर मशीनला रक्तातलीच वाटते. पण उपाशी माणसाला ३१८ हेही काही थोडं नाही.

ही साखर ताटातून येत नाही. ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, अॅड्रेनालिन ही हार्मोन्स सोडतं, त्यांच्या हुकमावर यकृत आपली साठवलेली साखर रक्तात ओततं. त्याच वेळी इन्सुलिनचा जोर कमी पडतो. साधारण १८० च्या वर साखर लघवीतून जाऊ लागते, सोबत पाणी ओढून नेते. तापानं आधीच सुकलेला माणूस आणखी सुकतो. रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. म्हणून घशातलं दुखणं छातीत उतरतं आणि व्हायरलच्या मागून न्यूमोनिया येतो. आजारानं शुगर वाढते, शुगरनं आजार वाढतो.

मामांच्या पिशवीत सलाईनची रिकामी बाटली होती. 'अशक्तपणासाठी' गावातच लावून घेतलेली. लेबल वाचलं: डेक्स्ट्रोज पाच टक्के, ५०० मिली. म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज थेट शिरेत! घरी गुळाचा काढा सुरू होता, तो वेगळाच. वर पुडीतल्या सुट्या गोळ्यांत एक स्टिरॉइडची. त्या गोळीनं दोन दिवस तरतरी येते आणि शुगर उधळते.

स्टिरॉइडचं आपल्या भागानं काय पाहिलं ते विसरायला नको. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं कोरोनाचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं, पण ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांत. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. इकडे दुसऱ्या लाटेत लोकांनी ती गोळी घरोघरी खाल्ली. मग २०२१ च्या उन्हाळ्यात नागपूरची हॉस्पिटलं काळ्या बुरशीच्या रुग्णांनी भरली, त्यांत शुगरवालेच जास्त. त्या बुरशीवरचं अॅम्फोटेरिसिन हे औषध मिळेना, शेवटी वर्ध्याच्या एका कंपनीनं ते बनवायला घेतलं.

आता गोळी बंद करण्याबद्दल. मामांचं म्हणणं अगदीच वाया घालवण्यासारखं नाही, कारण उत्तर गोळीगणिक बदलतं. ग्लिमेपिराइड घेऊन जेवलं नाही तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. उलट्या-जुलाबांत मेटफॉर्मिन थांबवावी लागू शकते. लघवीतून साखर काढणारी डापाग्लिफ्लोझिन आजारात सहसा थांबवतात, नाहीतर रक्तात आम्ल साचायची भीती. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं कधीच बंद करायचं नाही. हे सगळं डॉक्टरला विचारून, आणि विचारायला गोळीचं नाव माहीत हवं. 'पांढरी, लांबोडी' म्हणून भागत नाही बाप्पा, तशा माझ्याकडे फळीभर आहेत. रिकामं पाकीट खिशात ठेवा.

मामांना मी औषध न देता ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. मामी चिडल्या. "दुकान कायले उघडलं मंग?" म्हणाल्या. पण ताप, ३१८ आणि बोलताना लागलेली धाप, हे खोकल्याच्या बाटलीचं काम नव्हतं.

फ्लूची लस शुगरवाल्यांनी दरवर्षी घ्यावी, डॉक्टरही तेच सांगतात. "कोरोनाची घेतली ना, आता कायले?" असं लोक विचारतात. तर फ्लूचा विषाणू वेगळा आहे, आणि तो रूप बदलतो तशी लसही बदलते. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि आमच्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मी साठा करत नाही. पावसाळ्याआधी नावं देऊन ठेवा, पाच-सहा जण झाले की अमरावतीहून बर्फात मागवते. टोचणार डॉक्टरच, मी नाही.