इन्स्पेक्टरने चहा घेतलाच नाही

सुट्टीला नाशिकला आलोय आणि कॉलेज रोडला मामाच्या गच्चीवर रोज रात्री एकच प्रश्न, "तुझ्या त्या घराचं पुढे काय झालं रे?" आज सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे बाकीच्यांना परत परत सांगायला नको.

तर आमचं इंग्लंडमधलं घर कोपऱ्यावरचं, बाजूला बऱ्यापैकी बाग. २०२२ मध्ये डोक्यात आलं की त्या बागेत एक छोटं दुमजली घर काढावं, आईबाबा आले की ते राहतील, एरवी भाड्याने देऊ. जागा आपली, पैसे आपले, मग अडचण काय? अडचण ही की आपण स्वतंत्र झालो त्याच १९४७ साली तिकडे कायदा झाला आणि जमीन तुमची राहिली पण तिच्यावर बांधायचा हक्क गेला सरकारकडे. बांधायचं तर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची परमिशन. एका घराचे ४६२ पाउंड भरले, आर्किटेक्टचे वेगळे.

मामाने तीस वर्षं सेंटरिंग-स्लॅबची कामं केलीत, त्याचा पहिला प्रश्न, "एफएसआय किती मिळतो?" म्हणजे प्लॉटच्या मापावर किती बांधकाम करता येतं तो आकडा. म्हटलं मामा, तिकडे आपल्यासारखा एफएसआयच नसतो. त्याने ग्लास खाली ठेवला. आपल्याकडे बांधकामाची २०२० ची युनिफाइड नियमावली आहे, रस्ता किती रुंद, त्यावर एफएसआय किती, मार्जिन किती सोडायचं, पार्किंग किती, सगळं कॅल्क्युलेटरवर काढता येतं आणि बसलं तर बसलं. तिकडे धोरणं असतात, पण घर त्या रस्त्याला शोभतं का, शेजाऱ्याचा उजेड जातो का हे शेवटी ऑफिसरने बघून ठरवायचं. म्हणजे नियमात बसूनही "नाही" येऊ शकतं आणि माप थोडं चुकूनही "हो". मामाला हे काही पटेना. खरं सांगू का, मलाही पहिले सहा महिने पटलं नव्हतं.

दिव्याच्या खांबाला नोटीस लागली आणि शेजाऱ्यांची पत्रं कौन्सिलच्या साइटवर, कोणीही वाचा. आम्हाला दर उन्हाळ्यात स्वतःच्या बागेतले टोमॅटो आणून देणाऱ्या समोरच्या आजोबांनी चांगलं दोन पानी विरोधाचं पत्र लिहिलेलं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्यावर नेहमीसारखं हसून गुड मॉर्निंग! आई तेव्हा तिकडेच होती, ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

मग नकार आला. कारणं दोन. एक, घर दाटीवाटीने बसतंय आणि कोपऱ्याचा मोकळेपणा जातोय. दोन, बाजूच्यांच्या किचनच्या खिडकीचा उजेड अडतोय.

अपील करायला सहा महिने मिळतात आणि त्याला फी नाही, एक पैसा नाही. अपील कौन्सिलकडे जात नाही, ब्रिस्टलला प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट म्हणून सरकारी संस्था आहे तिकडे जातं. हा हक्क फक्त अर्ज करणाऱ्याला, म्हणजे आम्हाला परमिशन मिळाली असती तर आजोबांना असं अपील करता आलं नसतं. मी पहिला मसुदा लिहिला तो म्हणजे निव्वळ रडगाणं होतं, आईबाबांचं वय, भाडी किती वाढलीत, पलीकडच्या गल्लीत एकाला कशी दिली वगैरे. आर्किटेक्टने वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाला, नकारात दोन वाक्यं आहेत, तू त्या दोन वाक्यांनाच उत्तर दे. मग खिडकीपासूनची अंतरं मोजली, सावलीची ड्रॉइंग्ज काढली, रस्त्यावरच्या प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घेतले.

त्या संस्थेच्या इन्स्पेक्टर बाई जागा बघायला आल्या त्या दिवशी आईने सकाळपासून पोह्यांची तयारी केलेली. बाईंनी हात जोडल्यासारखं करून चहाला नाही म्हटलं, पोह्यांना नाही, मी तोंड उघडलं तर म्हणाल्या केसबद्दल काही बोलायचं नाही, फक्त फाटक उघडून द्या. बागेत फिरल्या, बाजूच्यांच्या किचनमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, वीस मिनिटांत गेल्या. "पाणीसुद्धा घेतलं नाही रे," आई अजून सांगते, आणि दर वेळी माझ्याकडे असं बघते की मीच काहीतरी बोललो असणार.

निकाल आला, अपील फेटाळलं.

पण चार पानं होती आणि प्रत्येक ओळीला कारण होतं. उजेडाच्या मुद्द्यावर त्यांनी कौन्सिलचं म्हणणं मानलं नाही, खिडकीला फरक पडत नाही असं स्पष्ट लिहिलं. कोपऱ्याच्या मुद्द्यावर मात्र आम्ही हरलो, आणि राग येऊनही मला ते पटलं, कारण लहानपणी याच कॉलेज रोडला आंब्याची झाडं असलेले बंगले होते आणि आता मामाच्या गच्चीवरून चारही बाजूंना लिफ्टच्या रूमच दिसतात. आता घर मागे सरकवून, लहान करून नवीन अर्ज टाकलाय, आणि उजेडाचं कारण कौन्सिलला सहजासहजी परत पुढे करता येणार नाही, तो निकाल विचारात घ्यावाच लागतो.

हे सगळं ऐकून मामा काल आत गेला आणि एक फाइल घेऊन आला. त्याचा प्लॉट, त्याचा नामंजूर झालेला प्लॅन. रोज माझ्या घराची चौकशी का चालली होती ते तेव्हा कळलं! मी म्हटलं, मामा, अपील आपल्याकडेही आहे, १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ४७, राज्य सरकारकडे करायचं, पत्र मिळाल्यापासून चाळीस दिवसांत. "तीस वर्षांत एकदाही केलं नाही," म्हणाला, "कोणाला भेटायचं एवढंच बघितलं." मग चष्मा लावून पत्रावरची तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजायला लागला. एकोणतीस झालेत.