झेंडूची वाट: ठाण्याच्या घरात मेक्सिकन ओफ्रेंदा

दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या नाव्हात्ल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुलं'. एकाच फुलात इतक्या पाकळ्या, म्हणून. 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांच्या दिवसाला, दारापासून या पाकळ्यांची वाट घालतात. तिच्या रंगावरून आणि वासावरून गेलेली माणसं घर ओळखतात, अशी श्रद्धा. १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा.

हा सण जसाच्या तसा अझ्टेकांकडून, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या मेक्सिकोतल्या लोकांकडून, आलेला नाही. त्यांच्या पंचांगात मृतांचे दोन महिने ऑगस्टच्या सुमारास यायचे. १५२१ मध्ये त्यांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली आणि स्पॅनिश पाद्र्यांच्या काळात नैवेद्य कॅथलिकांच्या नोव्हेंबरमधल्या दोन दिवसांवर सरकला. लोक जुनेच विधी नव्या तारखांना करतात, असा संशय दिएगो दुरान या पाद्र्यानं सोळाव्या शतकातच लिहून ठेवला. म्हणून ओफ्रेंदावर, म्हणजे नैवेद्याच्या मांडणीवर, दोन्हीकडचं दिसतं: झेंडू आणि कोपाल धूप तिथल्या मातीतले, गव्हाचा पाव स्पेनहून आलेला. हॅलोविनशी याची गल्लत करू नका. भीतीचे मुखवटे इथे शोभत नाहीत. इथे आपलं माणूस जेवायला येणार असतं.

मांडणी ३१ ऑक्टोबरला पूर्ण करा. दोन-तीन पायऱ्या पुरतात, गौरीच्या आराशीसारख्या. वर फोटो, पण त्यात हयात माणूस नको, ग्रुप फोटो असेल तर दुसरा शोधा. खाली पाण्याचा पेला (प्रवासाची तहान), वाटीत मीठ (शुद्धीसाठी), मेणबत्त्या आणि त्या माणसाला आवडायचं तेच जेवण. कोपाल मिळाला नाही तर गुग्गुळ वापरा. दोन्ही झाडं एकाच कुळातली. वर पतंगाच्या कागदाच्या नक्षीदार पताका लावा, पण ज्योतीपासून लांब, आणि पंखा बंद.

जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटा झेंडू दीड-दोन किलो आणा; दहा फुटांची वाट भरेल. पाणी शिंपडलेला ओला ढीग घेऊ नका, पाकळ्या रात्रीत काळ्या पडतात. फुलं पेपरवर पसरून ठेवा आणि पाकळ्या आयत्या वेळी सोडवा. लादीवर वाट थेट घालू नका: चिरडलेली पाकळी पिवळा डाग सोडते आणि पाय घसरतो. खाली कागदाची पट्टी हवीच.

आता 'पान दे मुएर्तो', म्हणजे मृतांचा पाव. खरं कौशल्य इथे. मैदा ५०० ग्रॅम, साखर १००, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, अंडी ३, कोमट दूध १२० मिली, एका संत्र्याची किसलेली साल, चमचाभर बडीशेप. पीठ चांगलं ताणलं जाईपर्यंत मळा, मगच १०० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घाला. आधी घातलं तर पिठाला ताण येत नाही. ठाण्याच्या उकाड्यात पीठ तासाभरातही दुप्पट होतं, घड्याळाकडे नाही, पिठाकडे बघा. दीडशे ग्रॅम गोळा बाजूला काढून त्यात दोन चमचे मैदा मळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. यातून 'हाडं' करायची: वळी लाटून बोटांनी मधे मधे दाबली की गाठी उठतात. उरलेल्या पिठाचे दोन गोल पाव दुसऱ्यांदा फुगत आले की हाडं अंड्याच्या पांढऱ्यानं फुलीसारखी चिकटवा, मध्यावर छोटी गोळी. सुरुवातीलाच लावली तर ती पावात विरघळल्यासारखी सपाट होतात, आणि पाव जास्त फुगला तर घसरतात. १८० अंशांवर २५-३० मिनिटं भाजा, गरम असतानाच लोणी आणि साखर लावा.

साखरेचा पाव रात्रभर उघडा म्हणजे मुंग्यांना आमंत्रण. ताट पाण्याच्या परातीत मधोमध उंचावर ठेवा.

२ तारखेच्या रात्री नैवेद्य घरात आणि शेजारी वाटून खातात. पाव तोवर थोडा कडक झालेला असतो. गरम चॉकलेटमध्ये बुडवला की पुन्हा मऊ होतो.