हौदाचं झाकण आणि २२ दिवस

पोरगी साडेसात महिन्यांची झाली आणि आठवड्याभरात घरभर रांगायला लागली. सॉकेटची कव्हरं, काचेचा टीपॉय माळ्यावर, फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या वरच्या फळीवर, हे सगळं दोन रविवारात उरकलं. अडकलो ते हौदावर.

सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी चार-पाच दिवसांआड, ते पण कधी रात्री दोनला, त्यामुळं हौद, पिंप, बादल्या, दिसेल ते भरून ठेवायचं. आमचा हौद मागच्या पडवीत जमिनीत आहे, तोंड दोन फूट बाय दोन फूट, त्यावर जुना पत्रा आणि पत्र्यावर दगड. इतकी वर्षं तसंच चाललं. एक दिवस कणीक मळताना मागून डब डब आवाज आला म्हणून बघितलं तर ही त्या पत्र्यावर बसून दोन्ही हातांनी थापट्या मारतीये, आवाज होतोय म्हणून खूश, आणि पत्र्याचा समोरचा कोपरा तिच्या वजनानं वर उचललेला. पिठाच्या हातानंच ओढून घेतलं तिला. त्या रात्री मला झोप नाही.

दुसऱ्याच दिवशी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. टेपनं माप घेतलं, हजार रुपये ॲडव्हान्स घेतला, "चार दिवसात बसवून देतो वहिनी." मग पाचव्या दिवशी लाईट नव्हती, सातव्या दिवशी पत्रा आला नव्हता, त्यानंतर कारागीर गड्ड्याच्या जत्रेला गेला. मी रोज फोन करायचे आणि रोज "उद्या नक्की". बाराव्या दिवशी झाकण आलं ते बरोबर दोन बाय दोनचं! म्हणजे काठावर टेकणार कुठं, तिरकं झालं की सरळ आत. मोटारीच्या पाइपला खाच ठेवा म्हणून दोनदा सांगितलेलं, ती पण नाही. वर मला म्हणतो, "एक वीट ठेवा की त्याच्यावर." तेवढं ऐकून माझा तोल गेला, घरात लेकरू आहे, वीट काय ठेवा म्हणता? झाकण परत पाठवलं.

मग मी स्वतः पुठ्ठा कापला. चारी बाजूंनी तीन इंच जास्त, म्हणजे ३० बाय ३०, पाइपच्या जागी खाच, हौदावर ठेवून बघितला आणि तोच त्याच्या हातात दिला. तरी अजून दहा दिवस लागले. तोवर हौदावर दिवाणाची फळी आणि फळीवर गव्हाचं पोतं, पाणी आलं की आमचे हे अर्ध्या रात्री उठून ते सरकवणार, आणि पडवीच्या दाराला दिवसभर वरची कडी. सासूबाईंनी तर दारातच पाट टाकून बसायला सुरुवात केली होती.

२२व्या दिवशी बसलं. बिजागरी, कडी-कोयंडा, कुलूप. मी स्वतः मधोमध उभी राहून बघितलं, हललं नाही, मगच बाकीचे पैसे दिले. तुम्ही पण पैसे आधी देऊ नका, आणि माप तोंडी सांगू नका, पुठ्ठाच द्या.

हौद नसला तरी बादल्या बघा. दोन इंच पाणी पण पुरतं, बाळाचं डोकं जड असतं, आत वाकलं की परत वर येता येत नाही आणि ओरडायचा आवाज पण येत नाही. न्हाणीघराचं दार बंद, वापरून झालेली बादली पालथी.

रिमोटची, खेळण्यातली बटणासारखी बारकी बॅटरी गिळली तर दोन तासात अन्ननलिका आतून भाजू शकते, त्यामुळं बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसलेलं काहीच बाळाच्या हातात नको. कपाटातल्या डांबरगोळ्या मी पहिल्याच दिवशी टाकल्या. उन्हाळ्यात लोखंडी कूलर बाहेर काढायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाईट तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

आणि शेंगाची चटणी कुटायच्या दिवशी बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. मला मागच्या आठवड्यात कपाटाखाली तीन दाणे सापडले, झाडून झाल्यावर.