नवं-जुनं

९ जून

ओजेटीचा पहिला दिवस. एम. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आता ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. वर्गातल्या निम्म्या पोरापोरींनी ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणायचं ठरवलंय. मलाही सल्ला मिळाला होता. पण मला एकदा तरी खरं ऑडिट बघायचं होतं, म्हणून मावशीकडे बस्तान हलवलं आणि यवतमाळला दत्त चौकापासून पाच मिनिटांवरच्या एका सीए ऑफिसात जाऊन उभी राहिले.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "किर्द वाचता येते का?"

किर्द म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही. मी म्हटलं, टॅली येतं.

"टॅली कॉम्प्युटरला येतं. तुला किर्द वाचता येते का?"

नाही येत, असं सांगितलं. खरं बोलल्याचा फायदा असा झाला की त्यांनी मला सहकारी संस्थांच्या टेबलावर बसवलं. सहकारी संस्थांचं ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत उरकायचं असतं. त्यामुळे जून-जुलैत या टेबलावर फायलींची गंजीच लागलेली असते. जीएसटीच्या टेबलावर एसी आहे, आमच्याकडे फक्त पंखा.

११ जून

आज बोलणी खाल्ली. एका संस्थेच्या खर्चाच्या व्हाउचरांची फाईल दिली होती. रक्कम किर्दीतल्या रकमेशी जुळली की हिरव्या पेनाने टिक, असं करत तासाभरात फाईल संपवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. सरांनी मधूनच एक व्हाउचर उपसलं. स्टेशनरीचं बिल एप्रिलचं आणि खर्च टाकलेला मार्चमध्ये. त्याच्यावर माझी टिक.

"तू काय पाहिलंस?"

"रक्कम."

"तारीख, नाव, कोणाच्या ठरावानं, सही, पाच हजारांच्या वर असेल तर रेव्हेन्यू तिकीट. रक्कम सगळ्यात शेवटी. रक्कम तर चोरही बरोबर लिहितो."

सगळी फाईल पुन्हा तपासली. अडीच तास गेले. ते १२० तासांत धरायचे की नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही.

१६ जून

पहिल्यांदा बाहेर. दारव्ह्याच्या पुढे एका गावातली सेवा सहकारी सोसायटी, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज आणि खत देणारी. एसटीत अर्ध्या तिकिटात गेले, सोबतचा आर्टिकल दादा, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात शिकणारा, पूर्ण तिकिटात. तो वाटभर यावरून कुरकुरत होता.

सोसायटी म्हणजे दोन खोल्या आणि मागे खताचं गोदाम. भिंतीवर डॉ. पंजाबराव देशमुखांचा फोटो, खाली कोनाड्यात कॉम्प्युटर, त्याच्यावर फुलांचं कव्हर. केंद्राच्या योजनेतून सोसायट्यांचं संगणकीकरण २०२२ पासून सुरू झालंय. तरी सोसायटीचे हिशेब ठेवणारे गटसचिव काकाजी आधी वहीत लिहितात आणि मग कॉम्प्युटरात. "लाइन गेली त वही जात नाई मॅडम," म्हणाले. दुपारी लाइन गेलीच.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा गोषवारा, २७० रुपयांनी जुळत नव्हती. मी पहिल्या पानापासून बेरजा तपासायला बसणार, तेवढ्यात काकाजींनी विचारलं, "नवानं भाग जाते का?" जातो. तीस वेळा. "मंग आकडा उलटा पडला कुठंतरी. चार-सात नाईतर पाच-आठ पाहा." दहा मिनिटांत सापडलं. किर्दीत ७,८५०, खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, ७,५८०. दोन आकड्यांची जागा बदलली की येणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. हे मला पुस्तकातून ठाऊक असायला हवं होतं. कदाचित पुस्तकात असेलही, पण परीक्षेला आलं नव्हतं.

नवव्या पानानंतर मला किर्द वाचता यायला लागली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. बाबांची कापसाच्या हिशेबाची डायरीही अशीच असते, फक्त तिच्यात शिल्लक नसते.

१७ जून

गोदाम मोजलं. युरियाच्या थप्प्या. दादा शहरातला, तो समोरची रांग मोजून गुणाकार करायला लागला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मी म्हटलं, थांबा, मधून पोकळ असली तर? आमच्याकडे चुंगड्यांची थप्पी लावताना मधे वारा खेळायला जागा सोडतात, ती वरून दिसते, समोरून दिसत नाही. ओढणी खोचून वर चढले. मधे पोकळी नव्हती. पण तीन बॅगा कमी निघाल्या. ४५ किलोच्या, २६६ रुपये ५० पैशांच्या. म्हणजे ७९९ रुपये ५० पैसे.

काकाजी खजील झाले. खतविक्रीची नोंद घेणाऱ्या पॉस मशीनला अंगठा लागल्याशिवाय युरिया द्यायचा नसतो. पण नेटवर्क नसलं, पाऊस भरून आला आणि माणूस बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला की बॅग आधी जाते, अंगठा मागून येतो. तीन जणांचे अंगठे यायचे होते. त्यांची नावं एका चिठ्ठीवर होती आणि चिठ्ठी काकाजींच्या खिशात. दादाने लिहिलं, साठ्यात तफावत, ३ बॅगा. चिठ्ठीचं काही लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, चिठ्ठी हा पुरावा नाही. तेही खरंच आहे. दोन दिवसांत अंगठे लागतील आणि साठा जुळेल, पण आमच्या कागदावर तफावत राहील. यात मला कुणाचं चुकलं असं वाटत नाही आणि तरी कसंतरी वाटतं.

१९ जून

आजचं नीट लिहून ठेवते.

कर्जवसुली तपासायला घेतली. वर्षभर किर्दीची पानं अशी की एका पानात आठवडा मावतो. मार्चची २६ तारीख आली आणि पानं एकदम भरली. ३१ मार्चला तर ओळींच्या मधेही लिहिलेलं. सगळ्या पीककर्जाच्या जमा. मग एप्रिलचा पहिला आठवडा रिकामा, आणि ७ तारखेपासून पुन्हा गर्दी. या वेळी उजव्या बाजूला. वाटप. मी पट्टी ठेवून नावं जुळवत गेले. २९ मार्चला एक लाख जमा, ९ एप्रिलला त्याच माणसाला एक लाख दहा. ३० मार्चला ऐंशी हजार जमा, १० एप्रिलला ऐंशी हजार. असंच खाली, पानभर.

दादा म्हणाला, "मस्त वसुली आहे यांची."

मी काही बोलले नाही. मला हे माहीत आहे. याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. जुनं भरायचं आणि नवं उचलायचं.

३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज शून्य. चुकलं की व्याज लागतं, खातं थकीत होतं आणि नवं कर्ज अडतं. पण मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा कुठून येणार? कापूस संक्रांतीच्या आसपास विकून झालेला, त्यातून कृषी केंद्राची उधारी फिटली, उरलेलं एखाद्या लग्नात गेलं. म्हणून दहा-पंधरा दिवसांसाठी पैसा उचलायचा. बाबा उचलतात. शेकडा तीन. दहा दिवस वापरा की तीस, पूर्ण महिना धरतात. एक लाख दहा हजारांवर ३,३००. परवाना नसलेल्याकडून घेतलेले, म्हणजे पावतीचा प्रश्नच नाही. मी बारावीत होते त्या मार्चमध्ये कोणी उसने दिले नाहीत, तेव्हा आईची पोत गहाण गेली होती. एप्रिलमध्ये ती परत आली, पण मधल्या पंधरा दिवसांत मामाच्या मुलीचं लग्न होतं आणि आई पदर गळ्याभोवती घट्ट घेऊन फिरत होती. नवं कर्ज मिळालं की त्यातून आधी ते उसने फेडायचे, आणि उरलं तर बियाणं.

शून्य टक्क्याचं कर्ज आमच्या घरी असं पडतं. ते ३,३०० कुठल्याच किर्दीत नाहीत. सोसायटीच्या नाहीत, जिल्हा बँकेच्या नाहीत, सावकाराच्या तर नाहीतच.

काकाजींना मी हळूच विचारलं, हे सगळं नवं-जुनं ना? त्यांनी चष्मा काढला. "मंग काय वं पोरी. २०१७ ले दीड लाखाची माफी झाली, २०१९ ले दोन लाखाची. ज्यायनं असं नवं-जुनं करून भरलं त्याइले हाती आले पन्नास हजार, थेही कित्येक दिवसानं. तरी भरून राह्यले लोकं. नाई भरलं त पेरन कायनं?"

संध्याकाळी ऑफिसात सरांना नावांची यादी दाखवली. मला वाटलं, मोठं काहीतरी पकडलं. सरांनी यादी शांतपणे वाचली. पैसा खरंच आला का? बँकेच्या भरणा स्लिपा पाहिल्यास? पाहिल्या, त्याच तारखांच्या आहेत. नुसती कागदावरची वसुली असती, पैसा न येता जमा दाखवलेली, तर तो मोठा दोष होता. इथे पैसा आलाय. सभासदाची सही आहे. नोंद खरी आहे.

"पण सर, ही वसुली आहे का?"

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "भरण्याच्या तारखा लिही, वाटपाच्या तारखा लिही. समोरासमोर. विशेषण लिहू नको."

२३ जून

पाऊस. ऑफिसात चौघांनी सुट्टी मागितली, सगळ्यांच्या घरी पेरणी. मी नाही मागितली. बाबा म्हणाले, तू तुझे तास पुरे कर.

२६ जून

मसुद्यात माझा तक्ता लागला. चार रकाने: सभासद क्रमांक, भरणा दिनांक, वाटप दिनांक, मधले दिवस. बहुतेकांचे मधले दिवस नऊ ते चौदा. खाली सरांची एक ओळ, व्यवस्थापनाने वसुलीच्या स्वरूपाचा आढावा घ्यावा. दोष दुरुस्ती अहवालात संस्था याचं काय उत्तर देईल ते आजच सांगता येतं: "यापुढे दक्षता घेण्यात येईल." मागच्या तीन वर्षांच्या फायलींत प्रत्येक दोषासमोर हेच वाक्य आहे. दोष वेगळे, वाक्य एकच.

१ जुलै

सीए दिवस. १९४९ साली आजच्या तारखेला इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ऑफिसात पेढे. आजच वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजे कृषी दिन. ते आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. एकाच तारखेला हिशेब तपासणारे आणि ज्यांचे हिशेब कधी जुळत नाहीत ते, हे मी पेढा खाताना बोलले. दादा सोडून कोणी हसलं नाही.

दुपारी पुढच्या आठवड्याची यादी लागली. तिसऱ्या नंबरवर माझं गाव.

सरांकडे जाऊन सांगितलं, वडील त्या सोसायटीचे सभासद आहेत, कर्जदारही आहेत. सर म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. त्या फाईलला हात लावायचा नाही. पानही उलटायचं नाही." एवढंच. मला वाटलं होतं, गावात सरांच्या गाडीतून उतरेन आणि लोक बघतील. ते राहिलं.

८ जुलै

आज ते लोक माझ्या गावी गेले आणि मी ऑफिसात एका पतसंस्थेचं बँक जुळवणी पत्रक करत बसले. ११४ तास झाले. जुळवणीत एक चेक सापडत नव्हता. खरं म्हणजे मी तो शोधतही नव्हते. सारखं मनात येत होतं, आता चावडीजवळ पोचले असतील, आता चहा आला असेल, आता मार्चचं पान उघडलं असेल. कर्जशिल्लक पडताळणीला पंचवीस सभासद काढायचे होते, घरी जाऊन सही घ्यायची. बाबांचा नंबर निघेल की नाही?

रात्री बाबांचा फोन.

"आले होते तुह्ये ऑफिसवाले. चांगलं पोट्टं हाय थे चष्मेवालं. ओट्यावर बसलं, पानी पेलं."

"मी त्या ऑफिसात आहे हे बोललात का?"

"नाई. तूनंच सांगतलं होतं ना, बोलू नका म्हून."

"काय विचारलं?"

"इचारलं, कर्ज किती हाय. म्या सांगतलं, एक लाख दहा. कागद दाखवला, त्याच्यावर तेवढेच होते. सही केली. बराबर हाय म्हणे."

मागून आईचा आवाज आला, पेरलेलं उगवलं का ते सांगा तिले. बाबांनी सांगितलं, खालच्या वावरात चांगलं निघालंय, वरच्यात थोडं विरळ आहे.

मी विचारलं, "आणि ते मार्चचे तीन हजार तीनशे?"

बाबा थोडं थांबले. "थे त्यायनं इचारलंच नाई."