वाया गेलेला गळा?

"देवाने एवढा गळा दिला आणि हा मठात जाऊन बसला? वाया घालवला!"

आज होसे मोहिकाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं, तेव्हा आतेभाऊ हे बोलून गेला. दिवसभर डोक्यात तेच.

मोहिका मेक्सिकोचा ऑपेरा गायक. १९२१मध्ये शिकागोत रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या एका ऑपेराचा पहिलाच प्रयोग, त्यात राजपुत्र हा. पुढे हॉलिवूडच्या स्पॅनिश चित्रपटांचा देखणा नायक. १९३४च्या एका चित्रपटात तर त्याने फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती पंथातला, साधूच रंगवला. तेव्हा प्रेक्षकांना तो झगा नुसता वेश वाटला असणार!

आई गेली आणि हा पेरूला जाऊन खरोखर फ्रान्सिस्कन झाला. १९४७मध्ये धर्मगुरूची दीक्षा. नाव फ्राय होसे फ्रान्सिस्को दे ग्वादालुपे.

भावाला हे माहीतच नव्हतं, की त्यानंतरही तो गात होता. सेमिनरीसाठी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयासाठी, पैसे उभे करायला मैफली केल्या, झग्यातच कॅमेऱ्यासमोरही आला. बंद झालं ते स्वतःसाठी कमावणं.

आपल्याकडे कीर्तनकाराला कुणी 'गळा वाया घालवला' म्हणत नाही. मग बिदागी आणि टाळ्या सोडल्या की कला वाया गेली, असं आपल्याला इतक्या पटकन का वाटतं?